गरोदरपणातल्या तीन चाचण्या: नोंदणीपासून बाळाच्या अठराव्या महिन्यापर्यंत

गरोदरपणाची नोंद करताना शिरेतून दोन-तीन नळ्या रक्त काढतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच रक्तातून आणखी तीन गोष्टी पाहायच्या असतात: एचआयव्ही, सिफिलिस (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार) आणि हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार). या तिन्हींत आई बहुतेक वेळा ठणठणीत असते. ना ताप, ना पुरळ, ना डोळे पिवळे. त्यामुळे ‘हिला काय झालंय, कशाला तपासायचं’ हा सासूबाईंचा प्रश्न रास्त वाटला तरी चुकीचा आहे. लक्षणांची वाट बघितली तर रोग बाळाला झाल्यावरच कळतो.

धोका किती, ते आधी सांगते. एचआयव्ही असलेल्या आईने काहीच उपचार घेतले नाहीत, तर गरोदरपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. औषधं वेळेवर सुरू झाली तर अंगावर पाजूनही हे प्रमाण ५ च्या खाली येतं. हिपॅटायटिस बीमध्ये आईच्या रक्तात ‘ई अँटिजेन’ (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) असेल आणि बाळाला लस मिळाली नाही, तर शंभरात ७० ते ९० बाळांना लागण होते. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर तो बहुधा आपोआप जातो. जन्मावेळी लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांच्या यकृतात मात्र तो मुक्काम ठोकतो, आणि तिशी-चाळिशीत सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊन समोर येतो. सिफिलिसचं तर असं, की उपचार नसतील तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काहीतरी विपरीत घडतं: गर्भपात, पोटात बाळ दगावणं, कमी दिवसांचं बाळ किंवा जन्मतः सिफिलिस. आणि उपचार काय, तर पेनिसिलिन. औषध जुनं, स्वस्त आणि आजही चालणारं.

आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस थांबवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१५ साली सर्वांत आधी क्युबाला मिळाली. पुढे थायलंड आणि श्रीलंकाही त्या यादीत आले. म्हणजे हे श्रीमंत देशांनाच परवडतं असं नाही. आपल्याकडे चाचणी आहे, औषध आहे, लस आहे, तिन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. माझ्या मते घोडं अडतं ते कागदाशी. रिपोर्ट सासरच्या कपाटात आणि बाई माहेरच्या लेबर रूममध्ये, अशी गत होते. म्हणून पुढे रक्ताइतकंच कागदाबद्दल लिहिलं आहे.

पायरी १: नोंदणी आणि पहिलं रक्त

पाळी चुकल्याचं कळलं की लगेच, उशिरात उशिरा बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी करा. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, महापालिकेचं प्रसूतिगृह, जवळचं जे असेल ते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांवर गरोदर मातांची तपासणी डॉक्टर करतात. कामावर सुट्टी मिळवायची असेल तर ही तारीख धरा. आशाताईंना आधी सांगून ठेवलं तर त्या सोबतही येतात.

खासगीत जात असाल तर लॅबच्या चिठ्ठीवर तीन नावं स्वतः शोधा: एचआयव्ही, एचबीएसएजी (ही हिपॅटायटिस बीची चाचणी) आणि व्हीडीआरएल किंवा आरपीआर (या सिफिलिसच्या). ‘व्हायरल मार्कर केलेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. सिफिलिस हा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग आहे. त्यामुळे त्या नावाच्या पॅकेजमध्ये तो बसत नाही आणि नेमकी तीच चाचणी राहून जाते.

उपकेंद्रावर आरोग्य सेविका बोटाला सुई टोचून एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही तपासू शकतात. दहा-पंधरा मिनिटांत निकाल दिसतो. पण पट्टीवर रेघ आली म्हणजे निदान झालं असं नाही. एचआयव्हीसाठी पुढे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्यांवर खात्री करून घेतात. ती होईपर्यंत घरात कुणाला काही सांगू नये. सेविकेनेही नाही आणि बाईनेही घाईने नाही.

चाचणीआधी समुपदेशक काय तपासणार आणि का, ते समजावतात आणि संमती घेतात. नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी, परवानगीशिवाय निकाल बाहेर फोडणं आणि निकाल पाहून उपचार नाकारणं या तिन्ही गोष्टींना त्यात मनाई आहे. खाटेवर पाटी लावणं किंवा केसपेपरच्या दर्शनी पानावर लाल अक्षरांत लिहिणंही त्यात आलंच.

याच भेटीत नवऱ्याचीही चाचणी करून घ्या. ‘तो कामावर असतो’ हे कारण सगळीकडे ऐकू येतं आणि बरेचदा खरंही असतं. तरी रविवार बघून, संध्याकाळ बघून त्याला आणाच. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह हे दुर्लक्ष करण्यासारखं जोडपं नव्हे. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नव्याने लागण झाली, तर आईच्या रक्तात विषाणू भरमसाट असतो आणि बाळाचा धोका सर्वांत जास्त होतो. अशा जोडप्याने निरोध वापरायचा. गरोदर असलं तरी.

पायरी २: सातवा महिना, म्हणजे माहेरी जाण्याआधी

पहिल्या चाचणीच्या दोन-चार आठवडे आधी लागण झाली असेल तर ती चाचणीत सापडत नाही. नंतरही होऊ शकते. म्हणून नवऱ्याला लागण असेल, तो कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर असेल किंवा लैंगिक आजाराची काही लक्षणं असतील, तर शेवटच्या तिमाहीत चाचणी पुन्हा करायची. मी तर म्हणेन, जमत असेल त्या प्रत्येकीने करावी.

आपल्याकडे याला आयता मुहूर्त आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं, की पहिलटकरीण माहेरी जाते. अठ्ठाविसावा आठवडा साधारण तेव्हाच येतो. हिपॅटायटिस बीच्या आईला औषध सुरू करायची वेळही हीच. डोहाळजेवणाची तारीख ठरली की त्याच आठवड्यात दवाखान्याची फेरी धरा. साडी, हिरव्या बांगड्या यांच्या बरोबर बॅगेत एक प्लॅस्टिकची फाइल जाऊ द्या. तिच्यात माता व बाल संरक्षण कार्ड, तिन्ही चाचण्यांचे मूळ रिपोर्ट, रक्तगट, सोनोग्राफी आणि काही उपचार झाले असतील तर इंजेक्शनच्या तारखा हव्यात. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. माहेरी पोचल्यावर आठवड्याभरात तिथल्या आशाताईंकडे नाव द्या आणि जिथे प्रसूती ठरलीय तिथे एकदा जाऊन फाइल दाखवा. कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा त्या दारात उभं राहू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं वेळापत्रक निराळं. बीड आणि आसपासच्या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बाईला दिवस गेलेले असतील तर गाव सोडण्याआधीच रक्त तपासून, रिपोर्ट हातात घेऊनच निघावं. ‘रिपोर्ट आला की कळवतो’ या वाक्यावर ट्रॅक्टरमध्ये बसू नये. कारखान्याच्या तळाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, हे आशाताईंनी कार्डावरच लिहून दिलं तर निम्मं काम होतं.

पायरी ३: पॉझिटिव्ह आलं तर

*एचआयव्ही.* खात्री झाली की एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, नाव नोंदवून औषध ताबडतोब सुरू करतात. सीडी-४ (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) किती आहे त्याची वाट पाहत नाहीत. २०१४ पासून देशभर गरोदर मातांना हे उपचार आयुष्यभरासाठी दिले जातात. सध्या बहुतेकींना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यायची असते.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालूच असतात, आणि रिकाम्या पोटी त्या डोल्युटेग्राव्हिरबरोबर पडल्या तर ते औषध पोटात नीट शोषलं जात नाही. म्हणून एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. सोपा मार्ग म्हणजे लोह-कॅल्शियम दिवसा आणि ही गोळी रात्री झोपताना. ॲसिडिटीची पांढरी पातळ औषधंही त्याच यादीत मोजा.

बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासून घ्यायचा. बाळाला जन्मल्यावर एक औषध पुरेल की दोन लागतील, हे त्यावरून ठरतं. तो रिपोर्टही फाइलमध्ये, पण बंद लिफाफ्यात. फक्त एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही.

*सिफिलिस.* बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. कुपीत पांढरी पूड असते. निर्जंतुक पाणी घालून हलवलं की दाट द्रावण होतं, आणि रेंगाळलं तर सुईतच बसतं. म्हणून सुई जाड घेतात आणि १२-१२ लाखांचे दोन भाग करून दोन्ही बाजूंच्या कुल्ल्यांत खोलवर देतात. दुखतं, आधीच सांगितलेलं बरं. लागण अलीकडची असेल तर एकदाच. किती जुनी ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा, आणि गरोदरपणात बहुतेकींच्या बाबतीत ते ठाऊक नसतंच. त्या रात्री ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. बाळाची हालचाल मंदावली किंवा पोट कडक व्हायला लागलं तर मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

रिॲक्शनच्या धास्तीने काही ठिकाणी हे इंजेक्शन ठेवतच नाहीत आणि ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या लिहून देतात. ती गोळी वारेतून बाळापर्यंत पुरेशी पोचत नाही. आईचा उपचार झाल्यासारखा दिसतो आणि बाळ तसंच राहतं. गरोदरपणात सिफिलिसला पेनिसिलिनला पर्याय नाही. खरोखरची ॲलर्जी असेल तर मोठ्या रुग्णालयात भरती करून, अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन पेनिसिलिनच देतात. उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी व्हायला हवा, नाहीतर बाळाला जन्मल्यावर उपचार लागण्याची शक्यता राहते. नवऱ्यालाही त्याच आठवड्यात इंजेक्शन. तो राहिला तर बायकोला पुन्हा लागण होणार.

इंजेक्शनची तारीख, मात्रा आणि आरपीआरचा आकडा लिहून घ्या. आरपीआर ‘१:३२’ असा येतो. पुढच्या तपासणीत तो ‘१:८’ किंवा त्याहून खाली आला तर औषध लागू पडलं.

*हिपॅटायटिस बी.* एचबीएसएजी पॉझिटिव्ह आल्यावर पुढे यकृताच्या चाचण्या, ई अँटिजेन आणि शक्य असेल तिथे विषाणूचं प्रमाण मोजणारी डीएनए चाचणी करतात. हे प्रमाण दर मिलीलिटरला दोन लाख युनिटांच्या वर असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून टेनोफोव्हिरची गोळी सुरू करतात. डीएनए चाचणीची सोय नसेल तिथेही औषध देता येतं, ते डॉक्टर ठरवतील. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्याखाली जिल्हा रुग्णालयातल्या उपचार केंद्रात हे मोफत आहे. प्रसूतीनंतर गोळी स्वतःहून बंद करू नका, कधी थांबवायची ते तिथेच विचारा. कावीळ उतरवणाऱ्यांकडे, झाडपाल्याकडे जाऊ नका. यकृत आधीच कामाला जुंपलेलं आहे.

आणि घरात सगळ्यांची तपासणी: नवरा, आधीची मुलं. निगेटिव्ह असतील त्यांना लस.

मध्येच एक: टॉर्च पॅनेल

कोणतीही तक्रार नसताना ‘टॉर्च प्रोफाइल’ (रुबेलासारख्या काही संसर्गांच्या रक्तचाचण्यांचा संच) करायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्यात पैसा जातो तो जातोच, शिवाय ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ वाचून घर हादरतं. आयजीजी म्हणजे बहुधा जुना, होऊन गेलेला संसर्ग किंवा घेतलेली लस. रुबेलाचा आयजीजी पॉझिटिव्ह असणं तर चांगलीच गोष्ट, संरक्षण आहे असा त्याचा अर्थ. ताप-पुरळ आलं, पुरळ आलेल्या माणसाशी जवळून संबंध आला किंवा सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसलं, तर या चाचण्यांना अर्थ आहे. सरसकट करायला नाही. या एका कागदावरून गर्भपाताचा निर्णय तर कुणी घेऊच नये. रुबेलाची लस घ्यायची ती गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी. गरोदरपणात देत नाहीत.

याउलट दोन साध्या गोष्टी हमखास राहतात. एक, लघवीची तपासणी: काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, ते मूत्रपिंडापर्यंत चढतात आणि कमी दिवसांची प्रसूती होऊ शकते. पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्या. दुसरी, क्षयाचे चार प्रश्न: खोकला, ताप, वजन न वाढणं, रात्री घाम. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर बेडका तपासायला द्या. गडचिरोलीसारख्या भागात प्रत्येक तापाला हिवतापाची चाचणी हवीच. अमेरिकेत बाळंतपण असेल तर छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात ग्रुप बी स्ट्रेप नावाच्या जंतूसाठी स्वॅब घेतात आणि तो आढळला तर कळा सुरू झाल्यावर पेनिसिलिन देतात. इकडून मदतीला गेलेल्या आजीने ते पाहून घाबरायचं कारण नाही.

पायरी ४: लेबर रूम

पोचल्याबरोबर फाइल सिस्टरच्या हातात द्या आणि तोंडानेही सांगा. एचआयव्ही असेल तर सगळ्यांसमोर नको, ‘सिस्टर, जरा बाजूला या’ म्हणून सांगा. कळा आल्या तरी रोजची गोळी चुकवायची नाही. ज्यांची कधीच तपासणी झालेली नाही, त्यांची पट्टीवरची चाचणी कळा चालू असतानाही होते आणि त्या वेळीही बाळासाठी बरंच काही करता येतं.

पायरी ५: पहिले चोवीस तास

हिपॅटायटिस बीची जन्मतः लस प्रत्येक बाळाला हवी. आईचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी. चोवीस तासांच्या आत, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, अर्धा मिलीलिटर. ही लस चुकते ती बहुतेक दोन कारणांनी. रविवार किंवा सणाची सुट्टी, नाहीतर एका बाळासाठी दहा मात्रांची कुपी कशाला फोडायची ही काटकसर. दुसऱ्या कारणाला आधार नाही. नीट थंड ठेवलेली, तारीख लिहिलेली हिपॅटायटिस बीची उघडी कुपी नियमानुसार २८ दिवस वापरता येते. ‘लसीकरणाच्या दिवशी या’ असं उत्तर मिळालं तर आजी-आजोबांनी, बापाने नम्रपणे पण ठामपणे तिथेच उभं राहावं.

आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर लसीच्या जोडीने दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं, शक्यतो १२ तासांच्या आत. बाहेर विकत घ्यायचं तर काही हजार रुपये लागतात आणि मध्यरात्री मिळेलच असं नाही. म्हणून आठव्या महिन्यातच उपचार केंद्रात साठ्याची चौकशी करून ते प्रसूतीच्या ठिकाणी मागवून ठेवा. काही केल्या मिळालं नाही तर निदान लस थांबवू नका. दोन्ही दिल्यावर आई बाळाला बिनधास्त पाजू शकते.

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला पहिल्या काही तासांतच नेव्हिरापिन हे एचआयव्हीविरोधी पातळ औषध सुरू होतं आणि किमान सहा आठवडे रोज द्यायचं असतं. आईचा व्हायरल लोड जास्त असेल किंवा उपचार उशिरा सुरू झाले असतील तर दोन औषधं, काही वेळा अधिक दिवस. मात्रा वजनावर ठरते. सिरिंजवर पेनाने खूण करून घ्या, म्हणजे घरी घोळ होत नाही.

सिफिलिस असलेल्या आईच्या बाळाचं आरपीआर आईच्या आकड्याशी ताडून पाहतात. चौपट किंवा जास्त असेल, लक्षणं असतील किंवा आईचा उपचार अपुरा झाला असेल, तर बाळाला दहा दिवस पेनिसिलिन. इथे आईच्या इंजेक्शनच्या तारखा नसतील तर डॉक्टरांना अपुरा उपचार धरूनच चालावं लागतं, आणि बाळ विनाकारण दहा दिवस सलाइनवर राहतं.

पायरी ६: घरी गेल्यावर

एचआयव्ही असलेल्या आईने पाजायचं ठरवलं तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध, गुळाचं पाणी, सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, वरचं दूध, काहीही नाही. वरचं आणि अंगावरचं एकत्र दिलं तर बाळाच्या आतड्याच्या अस्तराला इजा होऊन विषाणूला वाट मिळते. घरात कारण सांगता येत नसेल तर ‘डॉक्टरांनी बाळाच्या पोटासाठी मना केलंय’ एवढं पुरतं. स्तनाला चीर पडली, गाठ आली, पू झाला तर त्या बाजूने पाजू नका आणि लगेच दाखवा.

सहाव्या आठवड्यात पहिल्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीला नेताना बाळाची पहिली एचआयव्ही चाचणी होते. बाळाचा पाय कोमट फडक्याने शेकतात, टाचेच्या कडेला, मधोमध नव्हे, बारीक टोचतात, पहिला थेंब पुसतात आणि पुढचे थेंब जाड कागदावरच्या पाच गोलांत एकेक करून पडू देतात. गोल काठोकाठ भरून रक्त मागच्या बाजूने दिसायला हवं. कार्ड आडवं ठेवून ऊन आणि पंखा टाळून किमान चार तास सुकवतात, मग प्रयोगशाळेकडे. याच वेळी इतर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्झॅझोलचं औषधही सुरू होतं. पुन्हा सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि शेवटची खात्री अठराव्या महिन्यात. तोवर आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असू शकतात, म्हणून मध्येच कुठल्या लॅबमध्ये साधी एचआयव्ही चाचणी करून ‘पॉझिटिव्ह’ वाचून हबकू नका.

हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटमधूनच लसीच्या पुढच्या मात्रा मिळतात. नऊ ते बारा महिन्यांदरम्यान दोन चाचण्या करा: एचबीएसएजी (लागण आहे का) आणि अँटी-एचबीएस (लसीने संरक्षण आलं का). पहिली निगेटिव्ह आणि दुसरी १० किंवा जास्त, तर बाळ सुरक्षित. पहिली निगेटिव्ह पण दुसरी १० च्या खाली, तर लसीची मालिका पुन्हा.

शंका असेल, जवळचं आयसीटीसी माहीत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत क्रमांक आहे. नाव न सांगता बोलता येतं.

पुढच्या खेपेला

पुन्हा दिवस गेले की तिन्ही चाचण्या पहिल्यापासून. ‘मागच्या वेळी निगेटिव्ह होतं’ हे चालत नाही. मागे सिफिलिसचा उपचार झाला असेल तर पट्टीवरची चाचणी पूर्ण बरं होऊनही बहुधा पॉझिटिव्हच येणार, ती आयुष्यभर तशी राहते. अशा वेळी जुन्या फाइलमधला इंजेक्शनचा कागद दाखवा आणि आरपीआरचा आकडा काढायला सांगा. तो मागच्यापेक्षा चौपट चढला असेल तर नव्याने लागण झाली असं धरून, आणि जुना कागद सापडत नसेल तर उपचार झालेच नाहीत असं धरून, इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं.